नीला निळी होईपर्यंत

आमच्या गल्लीतल्या एक मावशी विड्या वळतात. गेल्या उन्हाळ्यात कडक भाकरी भाजताना त्यांची बोटं तव्याला टेकली आणि त्यांना पत्ताच नाही. फोड दिसला तेव्हा कळलं. पण त्याच बोटांनी विडीचं पान नीट वळत होतं. "नस दबली असंल," सगळ्यांनी निकाल दिला. कुणी तेल सुचवलं, कुणी अंगारा आणून दिला. अंगाऱ्यात चार महिने गेले.

स्पर्श कळतो पण चटका कळत नाही, हे मज्जारज्जूच्या रचनेत चपखल बसतं. चटक्याचे आणि वेदनेचे तंतू मज्जारज्जूत शिरले की थोड्याच अंतरात मधोमध ओलांडून पलीकडे जातात. बारीक स्पर्शाचे तंतू मागच्या भागातून सरळ वर चढतात. मध्यभागी पाण्याची पोकळी फुगली, की आधी बंद पडते ती चटक्याची वाट.

एमआरआयमध्ये मावशींच्या मानेत तीच पोकळी निघाली. तिच्या कडेला, गाठ उठून दिसावी म्हणून गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिल्यावर लख्ख उजळणारी गाठ, भोवती वेगानं रक्त वाहणाऱ्या वाहिन्यांच्या काळ्या, नागमोडी रेषा. हीमँजिओब्लास्टोमा! कर्करोग नाही, पण रक्तवाहिन्यांचा नुसता गुंता.

असली गाठ तपासणीसाठी कुरतडायची नाही, फोडून तुकड्यांनी काढायची नाही. रक्त आवरत नाही. अख्खी सोडवायची. आणि क्रम चुकवायचा नाही. नळाला पाणी येण्याच्या दिवशी टाकीतून पाणी बाहेर सोडणारा कॉक आधी बंद केला तर काय होतं, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. म्हणून रक्त आणणाऱ्या रोहिण्या आधी, नेणारी नीला सर्वांत शेवटी. पंचाईत अशी, की इथे केशवाहिन्यांत न रेंगाळता रक्त थेट पलीकडे धावतं, त्यामुळे नीलाही रोहिणीसारखीच तांबडी दिसते. शिवाय तीच सर्वांत जाड, डोळ्यांत भरणारी. घाईत तीच बांधली तर गाठ फुगते, फुटते. अँजिओग्राफीत कोणती वाहिनी आधी भरते ते पाहतात. मग मायक्रोस्कोपखाली, गाठीच्या अंगाला चिकटून, एकेक रोहिणी विजेवर चालणाऱ्या बायपोलर चिमट्यानं भाजून बंद करायची. शेवटची बंद झाली की ती तांबडी नीला हळूहळू खरंच निळी पडते. माझ्या मते अख्ख्या शस्त्रक्रियेतला सर्वांत देखणा क्षण हाच. पोकळीला हात लावावा लागत नाही. ते पाणी गाठीतूनच झिरपलेलं असतं, गाठ गेली की पोकळी आपोआप आक्रसते.

काहींमध्ये या गाठीच्या मुळाशी व्हीएचएल (व्हॉन हिपेल-लिंडाउ) जनुकातला आनुवंशिक दोष असतो, सुमारे 36,000 जन्मांत एकाला. हे जनुक बिघडलं की ऑक्सिजन असूनही पेशीतलं एचआयएफ नावाचं प्रथिन मोडलं जात नाही. पेशीला वाटतं आपण गुदमरतोय, आणि ती नव्या वाहिन्या मागवत सुटते. ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेच्या शोधाला 2019 चं नोबेल मिळालं. 2021 मध्ये अमेरिकेत बेल्झुटिफान हे औषधही मंजूर झालं, पण या गाठीसाठी ते व्हीएचएलवाल्यांनाच, आणि तेही तातडीनं शस्त्रक्रिया लागत नसेल तेव्हा. 'गाठ विरघळवणारी गोळी आली' असे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एवढं वाचावं.

मावशींच्या तपासणीत हा दोष नव्हता. शस्त्रक्रियेनंतर पोकळी आक्रसली, चटका अजून अर्धवटच कळतो. विड्या चालू आहेत. भाकरी आता सून भाजते.