नकाशा-रंगण आणि सात रंगांचे कापडी कडे

नकाशातले दोन शेजारी प्रदेश एकाच रंगाचे येऊ न देता किती कमी रंगांत भागते, याचा अभ्यास म्हणजे नकाशा-रंगण. शेजार म्हणजे सीमेची रेघ सामायिक असणे. नुसता कोपरा कोपऱ्याला टेकला तर तो शेजार धरत नाहीत. किती रंग लागतील हे नकाशा कोणत्या पृष्ठावर काढला आहे त्यावर ठरते, म्हणून हा विषय संस्थितिविज्ञानात म्हणजे टोपॉलॉजीत मोडतो.

सपाट पृष्ठाला चार रंग पुरतात. इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना फ्रान्सिस गथ्री याला १८५२ मध्ये हे जाणवले. आल्फ्रेड केंपने १८७९ मध्ये दिलेल्या सिद्धतेतली चूक पर्सी हीवूडने १८९० मध्ये दाखवली. अखेर केनेथ अॅपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी १९७६ मध्ये संगणकाच्या साहाय्याने प्रमेय सिद्ध केले.

गोव्याचे बारा तालुके रांगोळीत भरणे हा उत्तम पहिला सराव. चहूकडून वेढलेला फोंडा आधी भरावा, किनाऱ्याचे तालुके शेवटी. रंग अडला तर पुसापुशी न करता केंपचीच युक्ती वापरावी: दोन रंग निवडून, एकमेकांना लागून असलेल्या त्या रंगांच्या तालुक्यांची साखळी शोधावी आणि तेवढ्यातच रंगांची अदलाबदल करावी. एक गफलत इथे हमखास होते. दिवाडी आणि चोडण ही बेटे तिसवाडीची. नदीपात्र वगळले तर तालुक्याचे तुकडे होतात. प्रत्येक प्रदेश अखंड असेल तरच चार रंगांची हमी आहे. म्हणून मांडवी, जुवारीचे पात्र तालुक्यांत वाटून घ्यावे आणि पात्राच्या मध्यावर सीमा आखावी.

खरी मौज कड्याच्या आकारात आहे. पोदेराकडचे, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याकडचे, काकण (मध्ये भोक असलेला गोल पाव) ज्या आकाराचे असते, त्या पृष्ठावर सात प्रदेश असे मांडता येतात की प्रत्येकाची उरलेल्या सहांशी सीमा लागते. म्हणजे सात रंग लागतातच, आणि आठव्याची गरज कधीच पडत नाही. कापडात ते असे शिवतात:

सात रंगांच्या, ६ सेंमी रुंद व १०० सेंमी लांब सुती पट्ट्या घ्याव्यात. कापड आधी धुऊन घ्यावे, नाहीतर गडद रंग शेजारच्या पट्टीत उतरतो. कडेला पाऊण सेंमी सोडून पट्ट्या लांबीने जोडाव्यात. प्रत्येकीची साडेचार सेंमी रुंदी दिसते. सातवी पहिलीला जोडली की नळी तयार होते. याच शेवटच्या शिवणीत मध्यावर १२ सेंमी तोंड उघडे ठेवावे. नळी उलटवून सुलट बाजू बाहेर आणावी, दोन्ही टोकांच्या कडा एक सेंमी आत दुमडाव्यात आणि टोके समोरासमोर आणावीत.

आता एक टोक अडीच पट्ट्या, म्हणजे सव्वाअकरा सेंमी, फिरवावे. या अडीचमधल्या अर्ध्यावरच सगळे अवलंबून आहे. एका टोकाची शिवण दुसऱ्या टोकाच्या पट्टीच्या बरोबर मध्यावर येते, त्यामुळे प्रत्येक पट्टीचे प्रत्येक टोक सांध्यावर दोन नव्या पट्ट्यांना भिडते. पूर्ण दोन पट्ट्या फिरवले तर पहिली चौथीला कधीच भेटत नाही. पूर्ण तीन फिरवले तर पहिली-तिसरीची भेट हुकते. म्हणून आधी टाचण्या लावून मोजावे. एकूण जोड्या २१: सात लांब शिवणींवर मिळतात, उरलेल्या चौदा सांध्यावर. सगळ्या सापडल्या तरच हाताने बारीक टाके घालावेत आणि उघड्या तोंडातून कापूस भरून ते शिवून टाकावे.

सुती कापड ताणत नसल्याने आतल्या बाजूला तिरक्या चुण्या पडतात. तो दोष नव्हे, शेजार त्याने बदलत नाही. मात्र पट्ट्या ६५ सेंमीच्या आसपास घेतल्या तर मधले भोकच मिटते आणि मग बोट फिरवून सीमा तपासता येत नाही.

मोबियस पट्टीला, म्हणजे अर्धा पीळ देऊन टोके जोडलेल्या पट्टीला, सहा रंग लागतात. ती पतंगी कागदाची करावी, कारण रंग दोन्ही बाजूंनी एकच मानायचा असतो. जाड कागदावर एकाच बाजूने रंगवले की गणित बिघडते.

गोव्याच्या पावसाळ्यात सावरीच्या कापसाला दमट वास येतो. भरण्यापूर्वी दोन दिवस कडक ऊन द्यावे, आणि जूनच्या आत कडे डब्यात बंद करावे.