सामरीपासून हस्तरपर्यंत: हिंदी भयपटाची उशिरा झालेली कदर

सप्टेंबर २०२४ मध्ये 'तुंबाड' हा हस्तर नावाच्या शापित देवाचा भयपट पुन्हा थिएटरांत लागला आणि २०१८ च्या पहिल्या फेरीपेक्षा जास्त गल्ला घेऊन गेला. 'काळाच्या पुढचा सिनेमा होता हो' असं मग जो तो म्हणू लागला. मला हे पटत नाही. भयपटाविषयीचं आपलं मत तो कुठे लागला आणि कुणी पाहिला यावरच बरंचसं ठरतं, आणि हे फार आधीपासून चालत आलंय.

पन्नास-साठच्या दशकांत हिंदी सिनेमातली भुतं बहुधा शेवटच्या रिळात खोटी निघत. 'महल'मधली (१९४९) कामिनी माळ्याची मुलगी निघते, 'बीस साल बाद'च्या (१९६२) भुतामागे हाडामांसाचा खुनी असतो. 'मधुमती' हा ठळक अपवाद. या सिनेमांना मोठे नट आणि उत्तम गाणी मिळाली, त्यामुळे भुताचा सिनेमा पाहिला म्हणून कुणाला लाजावं लागलं नाही.

घरच्या घरी भयपट काढणाऱ्या रामसे मंडळींची गोष्ट वेगळी. फाळणीनंतर मुंबईत आलेले फतेहचंद रामसे यांचं लॅमिंग्टन रोडवर रेडिओचं दुकान होतं. सिनेमाचा नाद लागला, पैसे बुडाले. १९७० चा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला, पण त्यात मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूर यांच्या प्रसंगाला लोक दचकत होते, तेवढाच प्रसंग बघायला येत होते. हे मुलांच्या लक्षात आलं आणि त्यांनी वडिलांना पूर्ण भयपटच काढायला लावलं.

'दो गज जमीन के नीचे' (१९७२) त्यांनी महाबळेश्वरात चित्रित केला. सुमारे चाळीस दिवस, साडेतीन लाखांच्या आसपास खर्च. सात भावांनी कामं वाटून घेतली: तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनीला, कुमार लेखनाला. स्वयंपाकाला घरच्याच बायका. सेट उभारायला पैसे नव्हते, पण धुकं आणि जुने बंगले तिथे आयते होते. त्यांच्या सिनेमांना जे 'वातावरण' आहे ते असं काटकसरीतून आलेलं, आणि मला तेच त्यांचं खरं कसब वाटतं.

'पुराना मंदिर' (१९८४) तुफान चालला. शिर एकीकडे नि धड दुसरीकडे पुरलेला सामरी यात खराखुरा सैतान आहे. शेवटी कुणी मुखवटा काढत नाही. अनिरुद्ध अग्रवालची ती उंची आणि तो चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही. जिथे रेल्वेसुद्धा थांबत नाही तिथे आमचा धंदा, असं रामसे सांगत. समीक्षक त्या गावांत जात नव्हते, त्यामुळे हे सिनेमे 'बी ग्रेड'च्या खणात गेले ते गेलेच. १९९३ मध्ये टीव्हीवर रामसेंचा 'झी हॉरर शो' सुरू झाला आणि तीच भुतं शहरातल्या दिवाणखान्यात आली. ते बघत वाढलेल्या पिढीने पुढे रामसेंच्याच 'वीराना'ला (१९८८) कल्ट केलं.

'तुंबाड'चा प्रवास उलट दिशेचा, पण उशीर तोच. राही अनिल बर्वे यांच्या या सिनेमामागे भयकथाकार नारायण धारपांची 'आजी' ही कथा आहे, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून, आणि वाडा सासवडच्या पुरंदऱ्यांचा. धारपांची पुस्तकं वाचनालयांत हातोहात फिरत, पण 'साहित्य' म्हणून त्यांची चर्चा क्वचितच होई. पहिला मान सिनेमाला व्हेनिसच्या महोत्सवात मिळाला. इथे 'अंधाधुन'नंतर आठवड्याने तो लागला, आणि खरा प्रेक्षक मिळाला तो मोबाइलच्या पडद्यावर.

आता दोन्ही घराणी एकाच यादीत दिसतात. माझी हरकत नाही. फक्त 'वीराना'तले विनोदी प्रसंग तेव्हा जितके कंटाळवाणे होते तितकेच आजही आहेत, आणि ते मी बिनदिक्कत पुढे ढकलतो.