घाटाखालचा मुक्काम: कोकणातून पायी पंढरीला जाणाऱ्यांच्या निवाऱ्याची पार्श्वभूमी

कोकणातून पंढरपूरला पायी जाणाऱ्यांची वारी प्रामुख्याने कार्तिकातली. आषाढात इथला शेतकरी गुडघाभर चिखलात लावणी करत असतो, वर खाड्या फुगलेल्या आणि घाटात दरडी. दसऱ्यानंतर भात कापून झाले, भारे खळ्यात आले की मग पताका निघतात. वाटा ठरलेल्या आहेत. महाडकर वरंधा चढून भोर-शिरवळमार्गे फलटणला उतरतात, चिपळूणकर कुंभार्लीने पाटण-कऱ्हाडला, रत्नागिरीकर पाली-साखरप्यावरून आंबा घाटाने कोल्हापूरकडे, कणकवलीचे फोंड्याने राधानगरीकडे. घाटाखाली एक मुक्काम, घाटावर एक मुक्काम हा हिशेब गाडीरस्त्यांच्या आधीपासूनचा आहे.

तो किती जुना, हे महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांकडे पाहिले तरी उमगते. सावित्रीच्या खाडीतून होड्या जिथवर येत, तिथेच डोंगरात खोल्या कोरलेल्या आहेत आणि खोल्यांत दगडी ओटे. त्या भिक्षूंसाठी होत्या. पण बंदर, घाट आणि निवारा या तीन गोष्टी कोकणात पहिल्यापासून एकमेकींना धरून आहेत. पुढच्या शतकांत लेण्यांची जागा देवळाच्या सभामंडपाने आणि धर्मशाळेने घेतली. गोव्याकडे देवळांभोवती अग्रशाळा उभ्या राहिल्या, कुळदेवाच्या भेटीला दुरून येणारी कुळे तिथे उतरत. इंग्रजी अमलात लोकल बोर्डांनी, म्हणजे जिल्हा-तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या तेव्हाच्या स्थानिक संस्थांनी, रस्त्यांवर धर्मशाळा राखल्या. जुन्या जिल्हा गॅझेटियरांत साहेबांचे प्रवासी बंगले आणि देशी वाटसरूंच्या धर्मशाळा यांची वेगवेगळी नोंद सापडते.

इथपर्यंतचा इतिहास बहुतेक लेखांत येतो. दिंडीतल्या सगळ्यांना त्या धर्मशाळेत पाठ टेकता येत होती का, हा प्रश्न मात्र सहसा येत नाही. येत नव्हती. पंढरीच्या वाटेवर अभंग सगळ्यांचा होता, ओसरी सगळ्यांची नव्हती. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याने झाडाखाली किंवा आपल्या जातीच्या वस्तीत उतरायचे, हा शिरस्ता होता. पंढरपुरात पोहोचल्यावरही तेच. म्हणूनच तिथे चोखामेळ्याच्या नावाने वेगळी धर्मशाळा बांधावी लागली. खराटा आणि खापर घेऊन फिरणाऱ्या गाडगेबाबांनी लोकांकडून पैसा जमवून ती उभी केली आणि १९४९ मध्ये दलितांच्या शिक्षणासाठी देऊन टाकली.

या शिरस्त्याला पहिला कागदी धक्का ४ ऑगस्ट १९२३ रोजी बसला. मुंबईच्या कायदेमंडळात त्या दिवशी मंजूर झालेला ठराव आज पाण्यासाठी आठवला जातो, कारण चवदार तळ्याची लढाई त्यातूनच पुढे उभी राहिली. पण ठरावात पाणवठे आणि विहिरी यांच्या लगेच पुढे धर्मशाळा आहेत. शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने त्यानंतर. ठराव मांडणारे सभासद कोकणाशी नाते असलेल्या समाजातले होते. पायी चालणाऱ्या माणसाला दिवसा पाणी लागते आणि रात्री छप्पर. ठरावाने ही दोन्ही नावे शेजारी ठेवली, याला माझ्या मते फार मोल आहे. महाडच्या लढ्यावर लिहिताना धर्मशाळेचा उल्लेख गाळला जातो तेव्हा वाटसरूचा निम्मा हक्कच गाळला जातो.

ठरावाला एक अट होती, आणि सारा गुंता तिच्यात आहे. ही ठिकाणे सार्वजनिक पैशातून बांधलेली आणि राखलेली हवीत, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेच्या ताब्यातली हवीत. म्हणजे लोकल बोर्डाची धर्मशाळा ठरावात आली. सावकाराने वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेली, देवस्थानाने राखलेली किंवा एखाद्या ज्ञातीने उभारलेली मात्र बाहेर राहिली. काहींच्या मते ही अट नाइलाजाची होती, खाजगी दानात सरकारने हात घातला असता तर ठराव मंजूरच झाला नसता. ते खरेही असेल. परंतु देवळालगतचे छप्पर, जिथे वारकरी खरोखर रात्र काढतो, तेच तिने बाहेर ठेवले हे नाकारता येत नाही. शिवाय सरकारी संस्थांवरही सक्ती नव्हती. सप्टेंबर १९२३ मध्ये निघालेला सरकारी आदेश बराचसा सल्ल्याच्या सुरातला होता, आणि पुढे १९२६ मध्ये ठराव न पाळणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांचे अनुदान रोखावे अशी मागणी त्याच कायदेमंडळात करावी लागली.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपली तळी खुली केल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्या दिवसाचा क्रम सर्वांना ठाऊक आहे. निवाऱ्याच्या बाजूने मात्र तो कमी वाचला जातो. महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे नेते, बाबासाहेब आंबेडकर, उतरले होते ते सरकारी बंगल्यात, म्हणजे सरकारी पैशाच्या छपराखाली. देवळात शिरणार अशी आवई उठवून गावातल्या जमावाने प्रतिनिधींवर हल्ला केला, तेव्हा अनेकांना मुसलमान कुटुंबांनी घरात घेतले. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेला मंडप घालायला सवर्णांपैकी कुणी जागा दिली नाही, तीही एका मुसलमान गृहस्थाने दिली. त्याआधी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला होता. कोर्टात विरोधकांचे म्हणणे होते की तळे सार्वजनिक नाहीच, भोवतालच्या घरवाल्यांच्या खाजगी मालकीचे आहे. तीच अट इथे ढाल म्हणून पुढे करण्यात आली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला.

तळे खुले झाले. धर्मशाळांवर मात्र असा एखादा गाजलेला खटला उभा राहिला नाही, त्यामुळे त्यांचे दार निकालाने उघडले नाही. ते १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने उघडले. त्यात धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांची नावे घालून प्रवेश आणि वापर नाकारणे गुन्हा ठरवले आहे. सर्वसामान्य जनतेसाठी खुली असणे, एवढेच तिथे पुरते. पैसा कुणाचा, हे विचारले जात नाही. १९२३ ची अट पुसायला ३२ वर्षे लागली.

पण कायदा आला तेव्हा धर्मशाळेचेच दिवस भरत आले होते. एसटी गावोगाव पोहोचली आणि पंढरी एका दिवसाची झाली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाल्यावर गावच्या जत्रेला येणारा चाकरमानीही मुक्कामाचा राहिला नाही. किनाऱ्यावरच्या देवस्थानांत भक्तनिवास झाले. सकाळी गरम पाणी, स्वच्छ खोली, वाहनतळ. कुटुंबाने गाडी घेऊन यावे अशी ती सोय, आणि त्यात गैर काही नाही. पण आगाऊ नोंदणी आणि खोलीचे भाडे यांत चाळीस माणसांची दिंडी बसत नाही. तिला लागते एक लांब ओसरी, चूल पेटवायला कोपरा, एक नळ आणि बायांसाठी आडोसा. आज ही गरज शाळेचा व्हरांडा, ग्रामदेवतेचा सभामंडप आणि ओळखीच्या घराचे अंगण भागवते. शिधा बहुधा बरोबर असतो, तांदूळ तर असतोच.

रस्त्याचेही तसेच. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी आळंदी आणि देहूच्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, तेव्हा दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पट्टा जाहीर झाला. ही मोठीच गोष्ट. कोकणच्या वाटांना तिचा लाभ शेवटच्या टप्प्यात मिळतो, महाडकराला तो लोणंदच्या पुढे. त्याआधी वरंध्यात त्याने ट्रकच्या कडेने, कठड्याला अंग घासत चढायचे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाने वळण रस्ते गावाबाहेर नेले. चालणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की जिथे पाणी आणि छप्पर मिळायचे ते गाव वाटेवरून बाजूला गेले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड, चिपळूण बुडाले, आंबा घाटाचा रस्ता खचला आणि त्यानंतर घाटांवर झालेला खर्च दरडी अडवण्याचा आहे. चालणाऱ्याची गरज त्यात मोजलेली दिसत नाही.

त्याच वर्षी कार्तिकीला वाट मोकळी झाली होती, कारण करोनाचे निर्बंध सैल झाले होते. पण ऑक्टोबरअखेर सुरू झालेल्या एसटी संपाने परतीची गाडी बंद होती. एरवी कोकणचा वारकरी जाताना पायी जातो आणि येताना एसटीने येतो. त्या वर्षी परतीच्या वाटेवरही मुक्काम शोधायची वेळ आली.

घाटपायथ्याला आणि घाटमाथ्यावर प्रत्येकी एक उघडी शेड, पाणी आणि स्वच्छतागृह, एवढे कुंभार्ली, आंबा, वरंधा आणि फोंडा या चार घाटांत झाले तरी कार्तिकी वारीचा अवघड भाग पार पडतो. ती शेड देणगीतून न होता सार्वजनिक पैशातून व्हावी. देणगीदाराच्या पाटीखाली कुणी उतरायचे हे शेवटी देणगीदारच ठरवू लागतो. घाटरस्त्यांच्या दुरुस्तीवर पैसा खर्च होतोच आहे. निवाऱ्याची कलमे त्याच अंदाजपत्रकात घालता येतील.