भुरकट टप आणि सुटलेला क्लिअर

म्हापशाला जा, फोंड्याला जा, घरापुढे उन्हात उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांचे टप आणि बॉनेट पांढुरके पडलेले दिसतात. लांबून दुखणं एकच वाटतं आणि मालक थेट फुल पेंटचा दर विचारतो. पण ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि त्यातल्या एकात कंपनीचा मूळ रंग बहुतेकदा वाचतो. तो वाचवायलाच हवा, पुन्हा मिळत नाही.

पद्मिनी, जुनी अँबॅसेडर, साध्या लाल-पांढऱ्या रंगातली सुरुवातीची मारुती ८०० यांच्यावर सहसा एकच थर असतो. रंग आणि चमक दोन्ही त्यातच. ऊन त्यातलं रेझिन, म्हणजे रंगाची भुकटी धरून ठेवणारा भाग, वरून कुजवतं आणि रंगाची भुकटी मोकळी होते. बोट फिरवलं की पीठ लागतं. लाल गाडी गुलाबी दिसू लागते ती यामुळेच. खाली रंग शाबूत असतो.

मेटॅलिक गाडीचं तसं नाही. तिथे रंगावर पारदर्शक क्लिअरचा वेगळा थर असतो. त्यातलं ऊन अडवणारं द्रव्य वर्षानुवर्षांत संपलं की किरणं खालच्या रंगापर्यंत पोचतात आणि दोन थरांची पकड सुटते. मे महिन्यात हात टेकवत नाही इतकं तापलेलं बॉनेट आणि त्यावर अचानक आलेली सर, या ताणाने बारीक भेगा वाढतात. पुढे जून ते सप्टेंबर पाणी त्यांत मुरतं. आधी दुधाळ डाग, मग नखाने निघेल असा पापुद्रा.

खात्री करायला दाराच्या खालच्या कोपऱ्यात मऊ फडक्याने थोडं पॉलिश घासा. गाडीचा रंग फडक्याला आला तर थर एकच. पांढऱ्या गाडीला काळं फडकं घ्या, नाहीतर काही कळणार नाही.

भुरकट रंगाला हाताने हलकं रबिंग, म्हणजे बारीक खरखरीत पेस्टने घासणं, आणि वर वॅक्स पुरतं. फक्त कडांवर जोर नको, तिथे थर पातळ असतो. सुटलेल्या क्लिअरला रबिंग केलं तर कड आणखी उचलते. तो भाग घासून रंग आणि क्लिअर नव्यानेच मारावे लागतात. खाऱ्या वाऱ्याला मात्र या दोन्हींचा दोष देऊ नका; रंगाचा टवका उडून पत्रा उघडा पडला की हा वारा तिथे गंज धरवतो.

रंगकाम पावसाळ्यात काढू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि लॅकर, म्हणजे थिनर उडून सुकणारा रंग, ताजाच पांढुरका पडतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की गाडी पेंटरकडे न्या.