पार्श्वभूमी : ‘पब्लिक चार्ज’ नेमका कोण?

अमेरिकेत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, स्थलांतरितांना सरकारी मदत किती मिळते यावर वाद पुष्कळ झडतात. ती मागायला ते खिडकीपर्यंत येतात का, हे क्वचितच कोणी विचारतो. न येण्यामागे बऱ्याचदा दोन शब्द असतात : ‘पब्लिक चार्ज’.

१८८२च्या कायद्यात ते आले. जो स्वतःचे पोट भरू शकणार नाही, सरकारवर भार होईल, त्याला बंदरातूनच परत पाठवायचे. भार म्हणजे किती, हे कायद्याने सांगितलेच नाही. १९३०च्या दशकातल्या मंदीत लॉस एंजेलिसच्या मदत कचेरीनेच मेक्सिकन कुटुंबांसाठी आगगाड्यांची सोय केली, परत जाण्यासाठी. त्यांत अमेरिकेत जन्मलेली मुलेही होती.

१९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रे नसलेल्या मुलांना सरकारी शाळा खुल्या ठेवल्या. १९९४मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी त्या बंद करण्याच्या बाजूने सुमारे ५९ टक्के मते दिली; ते कोर्टात अडले. १९९६च्या कायद्याने तर ग्रीन कार्ड घेऊन नव्याने येणाऱ्यांनाही बहुतेक संघीय मदतीसाठी पाच वर्षे थांबायला लावले.

त्यानंतर इतका गोंधळ माजला की १९९९मध्ये खुलासा काढावा लागला : मुख्यतः रोख मदतीवर जगणारा किंवा सरकारी खर्चाने दीर्घकाळ संस्थेत राहणारा, तोच ‘चार्ज’. फूड स्टॅम्प (अन्नासाठीची सरकारी मदत), मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) धरायचे नाहीत. सामाजिक कार्यकर्ते वीस वर्षे हेच समजावत राहिले.

२०१९च्या नियमाने त्यावर बोळा फिरवला. आता फूड स्टॅम्प, मेडिकेडही धरायचे; छत्तीस महिन्यांत बारा महिन्यांहून अधिक मदत घेतली की माणूस ‘चार्ज’, आणि ग्रीन कार्ड धोक्यात. एकाच महिन्यात दोन योजना घेतल्या तर ते दोन महिने. गंमत अशी, की ग्रीन कार्डसाठी अर्ज करणाऱ्या बहुतेकांना या योजना मुळातच मिळत नव्हत्या, आणि नागरिक असलेल्या मुलांनी घेतलेली मदत आईबापांच्या खात्यावर धरली जात नव्हती. तरी आईबापांनी योजनांतून मुलांची नावे काढून घेतली. घाबरलेला माणूस नियमातली पोटकलमे वाचत बसत नाही. (२०२०मध्ये अमेरिकेतून ग्रीन कार्डचा अर्ज करणाऱ्या आपल्या मराठी इंजिनिअरांनीही या नियमाने मागितलेला ‘स्वावलंबना’चा जाडजूड फॉर्म क्रेडिट रिपोर्टसकट भरला. त्यांच्यासाठी ती कटकट होती, एवढेच.)

मार्च २०२१मध्ये तो नियम गेला. डिसेंबर २०२२पासून पुन्हा १९९९चाच अर्थ लागू झाला, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये तोही मोडीत काढण्याचा प्रस्ताव आला.

मधल्या काळात कॅलिफोर्नियाने कागदपत्रे नसलेल्यांसाठी आपला आरोग्य विमा, म्हणजे मेडिकेडचीच राज्यातली योजना, टप्प्याटप्प्याने खुला केला : २०१६मध्ये मुले, जानेवारी २०२४पर्यंत सगळे प्रौढ. कार्यकर्ते दारोदार सांगत होते, नाव नोंदवा, काही होत नाही. जून २०२५मध्ये उघड झाले, की मेडिकेडमध्ये नोंदलेल्यांची माहिती स्थलांतर अंमलबजावणीच्या खात्याकडे गेली आहे.