चिकापासून उशीपर्यंत: लेटेक्सच्या उशीची पार्श्वभूमी

आपल्याकडे उशीची निगा म्हणजे ऊन. पावसाळा सरला की गाद्या-उश्या गच्चीवर नाहीतर अंगणात पडतात, कापूस दबला की पिंजाऱ्याला बोलावणे जाते. कोकणातल्या सावरीच्या कापसाच्या उशीलाही हाच नियम. लेटेक्सची उशी घरात आली की तिलाही याच सवयीने उन्हात टाकले जाते, आणि मग काही काळाने ती पिवळी पडते, कडांना कडक होते, बोटाने चोळली की भुगा निघतो. महागाची वस्तू अशी वाया जाताना पाहून वाईट वाटते, कारण ती कशापासून आणि कशी बनते एवढे माहीत असते तर हे टळले असते.

लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. हे झाड मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. तिथल्या लोकांना या चिकाचे उपयोग फार पूर्वीपासून ठाऊक होते. युरोपच्या शास्त्रज्ञांपर्यंत तो अठराव्या शतकात फ्रेंच संशोधक ला काँदामीन यांच्यामार्फत पोहोचला. पण कच्च्या रबराची एक खोड होती. उन्हाळ्यात ते चिकट व्हायचे, थंडीत ठिसूळ. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णतेचा उपाय सापडला. गंधकामुळे रबराचे लांबलचक रेणू एकमेकांशी जागोजागी बांधले जातात आणि दाबलेले रबर पुन्हा आपल्या आकारात येते. या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. आजच्या उशीचा उसळता गुण तिथलाच. पण या रेणूंमध्ये काही दुबळ्या जागा शिल्लक राहतातच. तिथे प्राणवायू, ओझोन आणि सूर्याचे अतिनील किरण घाव घालतात.

१८७६ मध्ये हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यातल्या २,७०० च्या आसपास रुजल्या आणि रोपे सिलोन, सिंगापूरकडे रवाना झाली. ब्राझीलच्या मक्तेदारीचा अंत त्यातच होता. सिंगापूरच्या उद्यानात हेन्री रिडली यांनी झाड न मारता साल तासून रोज चीक काढण्याची रीत बसवली आणि आग्नेय आशिया रबराचा मळा झाला. केरळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेरियारच्या काठी लागवड सुरू झाली. पुढे १९४७ च्या कायद्याने रबर बोर्ड आले, त्याचे मुख्यालय कोट्टायमला. केरळचे शेतकरी पुढे सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या डोंगरांवरही रबर घेऊन आले. तिथल्या जंगलाच्या दृष्टीने ही लागवड काळजीची बाब आहे, आणि ‘झाडापासून बनलेली वस्तू’ एवढ्या जाहिरातीवर विसंबणाऱ्याने तेही ध्यानात घ्यावे.

तरीही उशी अजून दूर होती. ताजा चीक काही तासांतच गोठू लागतो आणि त्यात रबर असते जेमतेम ३० ते ४० टक्के. बाकी बहुतांश पाणी. अमोनिया घालून तो टिकवता येऊ लागला, यंत्रात गरगर फिरवून ६० टक्क्यांपर्यंत घट्ट करता येऊ लागला, तेव्हा कुठे पातळ चीक पिंपांतून समुद्रापार जाऊ शकला. १९२९ मध्ये बर्मिंगहॅमच्या डनलॉप कंपनीतले रसायनतज्ज्ञ ई. ए. मर्फी यांनी असा चीक साबण घालून फेटला आणि त्याचा फेस न बसता गोठवून दाखवला. त्यांनी स्वयंपाकघरातले फेटण्याचे यंत्र वापरले, असे सांगितले जाते. खरी करामत फेस करण्यात नव्हती, तो विरण्याआधी गोठवण्यात होती. फेटताना शेवटी सोडियम सिलिकोफ्लोराइड घालतात. ते हळूहळू आम्ल सोडते आणि काही मिनिटांत सगळा फेस साच्यात जेलीसारखा धरतो. मग वाफेवर पक्का करायचा, धुवायचा, वाळवायचा. डनलॉपिलो हे नाव यातूनच घराघरांत गेले.

उशीतली भोके हवा खेळावी म्हणून आहेत, असे दुकानदार सांगतो. हवा खेळते हे खरे, पण भोकांचे मूळ कारण साच्यातल्या धातूच्या खिळ्या. फेस उष्णता फार हळू वाहून नेतो. जाड थराच्या पोटापर्यंत ती पोहोचवायला साच्यात खिळ्या उभ्या केल्या जातात आणि उशी काढली की त्यांच्या जागी भोके राहतात. शिवाय तेवढे रबरही वाचते.

दुसरी पद्धत तालालाय कुटुंबाची. रशियातून निघून जर्मनी, इंग्लंड आणि शेवटी अमेरिकेत पोहोचलेल्या या घरातल्या जोसेफ तालालाय यांनी वेगळी वाट काढली. साचा पूर्ण भरायचा नाही. निर्वात करून फेस फुगवायचा, उणे ३० अंशांच्या आसपास गोठवायचा, त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि मग तापवायचा. खर्च जास्त, वीज जास्त, पण बुडबुडे एकसारखे. डनलॉप पद्धतीत जड कण थोडे तळाशी बसतात, त्यामुळे फेस किंचित घट्ट आणि वजनदार होतो. अमेरिकेत शेल्टन या गावी तालालाय पद्धतीने फेस बनवणारा मोठा कारखाना होता. १ मार्च १९७५ च्या रात्री तो जाळण्यात आला. तोवर बाजारही आटला होता. १९४२ मध्ये जपानने मलाया आणि इंडोनेशिया घेतल्यावर नैसर्गिक चीक मिळेनासा झाला, कृत्रिम रबराचे कारखाने उभे राहिले, आणि १९५० च्या दशकात पॉलियुरेथेनचा स्वस्त फोम आला. आज आपण ज्याला नुसते ‘फोम’ म्हणतो तो बहुधा हाच.

युद्धाच्या या वारशामुळेच खरेदी करताना सावध राहावे लागते. कृत्रिम रबरही पातळ चिकाच्या रूपात बनते आणि त्यालाही लेटेक्सच म्हणतात. म्हणून ‘१०० टक्के लेटेक्स’ आणि ‘१०० टक्के नैसर्गिक लेटेक्स’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मिश्रणाचे प्रमाण विचारायला संकोचू नये. मिश्र उशी वाईटच असते असे नाही. किंमत मात्र त्या प्रमाणात हवी. नुसत्या वजनावरही जाऊ नका, कारण खडूसारखी भर घालून वजन वाढवता येते. उशी मुठीत दाबून सोडावी: ती लगेच, पूर्ण परत यायला हवी आणि हाताला पांढरी पूड लागू नये. सेंद्रिय लागवडीचा दावा असेल तर गोल्स (ग्लोबल ऑरगॅनिक लेटेक्स स्टँडर्ड) हे सेंद्रिय लेटेक्सचे प्रमाणपत्र पाहावे. पद्धतीपेक्षा उंची महत्त्वाची, असे माझे ठाम मत आहे. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याच्या रुंदीइतकी पोकळी भरायची असते, पालथे झोपणाऱ्याला जवळजवळ काहीच नको असते. लेटेक्स कापसासारखे दबून मानेला जुळवून घेत नाही, म्हणून दुकानात आडवे होऊन पाहण्याची लाज बाळगू नये. ज्यांना रबरी हातमोज्यांची ॲलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही उशी घेऊ नये. धुऊन पक्क्या केलेल्या फेसात त्रासदायक प्रथिने कमी उरतात, पण अजिबात नसतात असे नाही.

निगेचे म्हणाल तर ऊन नाही, सावलीतला वारा. अभ्रा आणि त्याखालचे आवरण उन्हात खुशाल वाळवा. आतला गाभा मात्र घरातच राहू द्या. यंत्रात धुऊ नका. भिजलेला गाभा इतका जड होतो की पिळताना फाटतो. डाग ओल्या फडक्याने टिपावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय अभ्रा चढवू नये. कोकणपट्टीच्या पावसाळी दमटपणात दर थोड्या दिवसांनी उशी उभी करून ठेवली तर आत ओल साचत नाही. आपल्या घरांत सर्वांत दुर्लक्षित शत्रू म्हणजे डोक्याचे तेल. तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडून सडते. रात्री खोबरेल लावून झोपायची सवय असेल तर अभ्र्याखाली घट्ट विणीचे दुसरे आवरण हवे, आणि त्या रात्री वर एक जुना पंचा टाकावा.