ऑनलाइन विक्रेत्याची (सेलरची) कामं करून द्यायला स्वतःचा जीएसटी नंबर लागतो का?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ऑनलाइन विक्रेत्यांना लिस्टिंग (वस्तू साइटवर चढवणं), फोटो, परत आलेल्या मालाचे क्लेम अशी कामं करून देऊ पाहणाऱ्या मुलांना हमखास सांगितलं जातं, 'आधी जीएसटी काढ.' हे चूक आहे.

गोंधळ होतो तो विक्रेत्याच्या नियमामुळे. नंदुरबारची मिरची पावडर परराज्यात विकणाऱ्याला पहिल्या ऑर्डरपासून जीएसटी लागतो. तुम्ही मात्र माल विकत नाही, सेवा देता. महाराष्ट्रात सेवेसाठी मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे आणि ग्राहक सुरतचा असला तरी तीच लागू होते. फक्त एक सांभाळा: उलाढाल पॅनवर मोजतात. त्याच पॅनवर दुकान असेल तर त्याची विक्रीही यात धरली जाते. मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत नोंदणी करा.

तोवर साधं बिल द्या: नाव, पॅन, कामाचा तपशील, रक्कम. त्यात जीएसटी लावायचा नाही. नोंदणी नसताना तो वसूल करणं बेकायदा आहे.

खरी तयारी कामाची हवी. अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, वस्तू चौकटीच्या किमान ८५ टक्के आणि झूमसाठी लांब बाजू किमान १००० पिक्सेल लागते. केळी वेफर्सच्या फोटोत मागे ताट-वाटी सजवली की लिस्टिंग दाबली जाते, म्हणजे शोधात दिसत नाही.

आणि मालकाचा पासवर्ड, ओटीपी कधीच घेऊ नका. सेलर सेंट्रल या अ‍ॅमेझॉनच्या विक्रेता-खात्यात 'यूजर परमिशन्स'मधून त्यांना तुमच्या ईमेलवर आमंत्रण पाठवायला सांगा. कॅटलॉग आणि ऑर्डर पुरे, बँक खात्याचा भाग बंदच असू द्या.